सुट्टीच्या प्रवासासाठी पादत्राणे: निवड, तयारी आणि वाटेतली निगा

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, आणि सुट्टीच्या हंगामात त्या सकाळी आठच्या ठोक्याला घरातली दोन-तीन माणसे मोबाईल हातात घेऊन सज्ज असतात. मुक्काम, गाडी, पाहण्याची ठिकाणे, वाटेतले डबे या सगळ्यांचा विचार वेळेवर होतो. पादत्राणांची आठवण मात्र बहुतेक घरांत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी होते, मग सोलापूरच्या नवी पेठेत धावतपळत जाऊन नवा जोड आणला जातो आणि सहलीच्या दुसऱ्याच दिवशी तो चावू लागतो. परगावी तो बदलून मिळत नाही, दुसरा घ्यायला सवड नसते, आणि उरलेली सहल घरातले एक माणूस लंगडत पार पाडते. म्हणून ज्या आठवड्यात आरक्षण होते त्याच आठवड्यात पादत्राणांकडेही पाहावे, आणि नवा जोड घ्यायचाच असेल तर तो निघण्यापूर्वी किमान तीन आठवडे घरात आलेला असावा.

दुसरी गोष्ट निवडीच्या मुळाशी जाणारी आहे. प्रवासाच्या बुटांविषयी जे सल्ले सर्वत्र वाचायला मिळतात, त्यांत सकाळी घातलेला बूट रात्री मुक्कामी गेल्यावरच निघतो असे गृहीत धरलेले असते. आपल्या सहली अशा नसतात. वाटेत देऊळ लागते, नातेवाइकांचे घर लागते, रेल्वेचा बर्थ असतो, एखाद्या मठात पंगतीला बसायचे असते, आणि या प्रत्येक ठिकाणी पादत्राण उंबऱ्याबाहेर राहते. दिवसातून सात-आठ वेळा काढायचे-घालायचे पादत्राण आणि दिवसभर पायातच राहणारे पादत्राण यांची निवड एका कसोटीवर करता येत नाही.

आधी सहल कागदावर मांडावी

दुकानात जाण्यापूर्वी सहलीचे दिवस एका कागदावर लिहावेत आणि प्रत्येक दिवसापुढे चार गोष्टी नोंदवाव्यात: चालणे साधारण किती, जमीन कशी, पादत्राण किती वेळा काढावे लागेल, आणि पाय भिजणार का. निवड सरासरी दिवसावरून न करता सर्वांत जास्त चालण्याच्या दिवसावरून करावी, कारण पाय दुखावतो तो त्याच दिवशी आणि त्याचे परिणाम पुढच्या सगळ्या दिवसांवर होतात.

उदाहरणार्थ, हंपीला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तिथे ग्रॅनाइटचे उघडे खडक, उन्हात तापणारी दगडी आवारे आणि दोन स्मारकांमधली लांब अंतरे असा सगळा मामला आहे. मातंग टेकडीसारखी चढाई करायची असेल तर गुळगुळीत तळाची चप्पल धोक्याची ठरते, रबरी आणि खोल नक्षीच्या तळाचा बूट लागतो. बदामीचीही गोष्ट जवळपास तीच आहे. रायगडाला पायऱ्यांनी जाणाऱ्यांना चढताना फारसे काही जाणवत नाही, मात्र उतरताना बोटे बुटाच्या टोकावर आदळतात आणि रात्री अंगठ्याचे नख काळेनिळे दिसते. कोकणात किंवा गोव्यात वाळू आणि खारे पाणी यांच्याशी गाठ असते; तिथे चामडे कडक होते, लोखंडी बकल गंजते, बंद बुटात शिरलेली वाळू दिवसभर घासत राहते, त्यामुळे मागे पट्टा असलेली आणि धुऊन वाळणारी सँडल हाच शहाणपणाचा पर्याय आहे. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात पादत्राणे जोडाघरात ठेवावी लागतात आणि आत जाताना पाय पाण्यातून जातात, म्हणजे परत बूट घालण्यापूर्वी पाय पुसायला काहीतरी जवळ हवे. काश्मीर किंवा हिमाचलमध्ये बर्फात खेळण्यासाठी लागणारे उंच रबरी बूट गुलमर्ग, सोलंग अशा ठिकाणी भाड्याने मिळतात, त्यामुळे एका दुपारसाठी ते सोलापुरात शोधत बसण्याचे कारण नाही. त्यापेक्षा लोकरीच्या मोज्यांचे दोन जादा जोड न्यावेत.

तिरुपतीची गोष्ट वेगळी आहे. अलिपिरीच्या पायऱ्या बरेच भाविक अनवाणीच चढतात, आणि वर मंदिराच्या परिसरात व दर्शनाच्या रांगेत पादत्राण चालत नाही. ज्या सहलीत मुख्य चालणेच अनवाणी होणार आहे, तिथे बुटावर पैसे घालण्यापेक्षा पायांच्या कातडीची तयारी महत्त्वाची ठरते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

हा कागद भरून झाला की बहुतेकांना दोन जोड पुरतात असे दिसेल: एक बंद बूट किंवा मागून पट्टा असलेली मजबूत सँडल, आणि एक हलकी रबरी चप्पल. तिसरा जोड लग्नकार्य असेल तरच न्यावा.

घरातल्या जुन्या जोडांची झडती

नवा जोड घेण्यापूर्वी घरातले कपाट उघडावे. पायाला ओळखीचा झालेला जुना जोड सुस्थितीत असेल तर त्याच्याइतका चांगला प्रवासी जोड दुकानात मिळत नाही. मात्र जुने आणि केवळ ठेवलेले यांत फरक आहे, आणि इथे अनेकांची फसगत होते.

चार-पाच वर्षांपूर्वी एखाद्या ट्रेकसाठी घेतलेले, एक-दोनदाच वापरलेले आणि डब्यात जपून ठेवलेले बूट दिसायला नवेकोरे असतात. पण त्यांचा तळ पॉलीयुरेथेन, म्हणजे दुकानदार ज्याला पीयू म्हणतात त्या फेसाचा असेल, तर हवेतल्या ओलाव्याने तो फेस आतून विघटित होत जातो. ही क्रिया बूट वापरला नाही तरी चालूच राहते. असा बूट घालून माणूस गडावर निघतो आणि तासाभरात तळाचे तुकडे पडू लागतात किंवा अख्खा तळ सोलून निघतो. हा दोष घरीच ओळखता येतो. बूट उलटा धरून तळाच्या कडेवर अंगठ्याने जोर द्यावा: फेस परत वर आला तर ठीक, चुरा पडला, चिकट लागला किंवा खळी तशीच राहिली तर तो बूट बाद. मग चवड्याच्या जागी बूट जोराने वाकवावा आणि वळणात बारीक भेगा दिसतात का हे उजेडात पाहावे. शेवटी तळ आणि वरचा भाग जिथे जोडलेला आहे त्या कडेवरून नख फिरवावे. नख आत शिरले तर गोंद सुटू लागला आहे असे समजावे.

सोलापूरच्या उन्हाचा यात मोठा वाटा आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे असताना गच्चीवर, पत्र्याखालच्या जिन्यात किंवा बंद गाडीच्या डिकीत पडून राहिलेल्या बुटांचा गोंद मऊ पडतो आणि पुढे थोड्याच वापरात तळ सुटतो. पादत्राणांचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर ते हलवावे.

तळ शाबूत आहे पण कड सुटली आहे, किंवा टाच एका बाजूने झिजली आहे, एवढेच असेल तर जोड टाकून देऊ नये. चौकातल्या गटई कामगाराच्या स्टॉलवर तळाला चारी बाजूंनी शिलाई मारून घेता येते, टाचेला रबर लावता येते, झिजलेल्या पुढच्या भागाला हाफ सोल बसवता येतो. केवळ चिकटवून घेण्यापेक्षा शिलाई केव्हाही बरी. हे कामही शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये, कारण हाफ सोल बसवल्यावर चालण्याचा तोल किंचित बदलतो आणि पायाला त्याची सवय व्हायला काही दिवस लागतात.

पायाचे माप

आपला नंबर आपल्याला माहीत आहे असे प्रत्येकाला वाटते, आणि तो बहुधा कॉलेजात असतानाचा असतो. वय, वजन, बाळंतपण यांनी पाय लांबी-रुंदीला बदलतो. शिवाय आयुष्यभर चपला वापरलेला पाय पुढच्या बाजूला पसरलेला असतो, आणि निमुळत्या टोकाचे बूट अशा पायाला कितीही मोठ्या नंबरात घेतले तरी करंगळीपाशी दाबतातच. आपल्या भागातल्या पन्नाशीपुढच्या बहुतेक पुरुषांचा आणि स्त्रियांचा पाय या प्रकारात मोडतो. त्यांनी नंबर वाढवत न बसता पुढून रुंद, गोलसर टोकाचा बूट मागावा. नंबर वाढवला की लांबी अनावश्यक वाढते, टाच आत-बाहेर सरकते आणि फोड येतो तो टाचेला.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या उभ्या-चालत्या हालचालीने पाय थोडा सुजलेला असतो आणि प्रवासात तो तसाच असणार आहे. जमिनीवर कोरा कागद ठेवून त्यावर मोजे घालून उभे राहावे, वजन दोन्ही पायांवर सारखे असावे, आणि दुसऱ्या कुणीतरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड काढावी. स्वतः वाकून काढलेली कड चुकते, कारण वाकताना वजन पुढे जाते. टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजावे. अनेकांचे दुसरे बोट अंगठ्याहून लांब असते, तेव्हा माप त्या बोटापर्यंत घ्यावे. दोन पायांत थोडा फरक निघतोच. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा आणि लहान पायाच्या बुटात हवी तर पातळ गादी टाकावी.

हा कागद फाईलमध्ये ठेवून द्यावा. ऑनलाइन खरेदीत त्याचा खरा उपयोग होतो, कारण आपल्याकडे दुकानात चालणारे ६, ७, ८ हे आकडे ब्रिटिश पद्धतीचे आहेत, खोक्यावर शेजारी छापलेले ४०, ४२ हे युरोपीय आहेत, आणि अमेरिकन आकडा पुरुषांच्या बुटांत ब्रिटिश आकड्याहून साधारण एकाने मोठा असतो. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. आकड्यांच्या या गोंधळात न पडता सेंटीमीटरचे माप कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावे.

दुकानात काय पाहावे

जून तोंडावर आला की शाळेच्या बुटांसाठी आणि दिवाळीच्या आधी सगळ्यांच्याच खरेदीसाठी दुकानांत इतकी गर्दी होते की बसून दोन जोड नीट घालून पाहणेही होत नाही. शक्य असल्यास हे दिवस टाळून आठवड्यातल्या एखाद्या साध्या संध्याकाळी जावे. प्रवासात जे मोजे घालणार तेच घेऊन जावेत. दुकानातला जाळीसारखा पातळ मोजा घालून घेतलेले माप फसवे असते.

बूट घालण्यापूर्वी आत हात घालून बोटे सगळीकडे फिरवावीत. आतली शिवण, दुमडलेले अस्तर, गोंदाचा वाळलेला गोळा बोटाला लगेच कळतो. पायाला तो दहा हजार पावलांनंतर कळतो. मग बूट वाकवून पाहावा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, म्हणजे आपला पाय जिथे वाकतो तिथेच. मधोमध दुमडणारा बूट पायाच्या कमानीला आधार देत नाही, आणि मुळीच न वाकणारा बूट टाच उचलून घासतो.

दोन्ही पायांत बूट घालून, नाड्या बांधून उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक ते सव्वा सेंटीमीटर जागा राहायला हवी. दुकानातल्या गालिच्यावर न चालता फरशीवर चालावे, आणि दुकानाला जिना किंवा पायरी असेल तर ती चार वेळा चढून-उतरून पाहावी. उतरताना बोटे पुढे आदळत असतील तर तो बूट दुकानातच राहू द्यावा. ‘वापरून सैल होईल’ हे वाक्य विक्रेता प्रेमाने म्हणतो, पण ते केवळ चामड्याच्या रुंदीपुरते खरे आहे. लांबीला कोणताच बूट सैल होत नाही, आणि रेक्झिन किंवा प्लास्टिकसारखे कृत्रिम साहित्य रुंदीलाही फारसे होत नाही.

यानंतर ती कसोटी, जी आपल्या सहलींसाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: खाली न बसता, एका हाताने भिंतीचा आधार घेऊन बूट काढता आणि घालता येतो का? देवळाबाहेर बसायला बाक मिळेलच असे नाही, मागे रांग असते, कडेवर मूल असते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला घोट्यापर्यंत नाड्यांचा बूट दिला तर तो दुपारनंतर देवळात जाणेच टाळतो. वेल्क्रोचा पट्टा, ताणणारी नाडी किंवा मागून घट्ट पण वरून मोकळी अशी सँडल या कसोटीला उतरते. नाडी न सोडता टाच दाबून बूट घालण्याची सवय असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्याने बुटाची मागची कड मोडते, आणि मोडलेली कडच पुढे टाचेला कापते.

साडी नेसून प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी एक बारकावा आहे. रोज उंच टाचेची चप्पल घालण्याची सवय असेल तर साडीची उंची त्या टाचेच्या हिशेबाने ठरलेली असते. सहलीत सपाट सँडल किंवा बूट घातला की तीच साडी जमिनीला लोळते, फॉल झिजतो आणि पायऱ्यांवर काठात पाय अडकतो. म्हणून प्रवासाचा जोड घालूनच घरी एकदा साडी नेसून पाहावी आणि निऱ्या किती वर खोचायच्या हे ठरवून ठेवावे. साडीखाली स्पोर्ट्स शूज घालण्याचा संकोच आता राहिलेला नाही, आणि तो नाहीसा झाला हे फार बरे झाले.

मुलांचे बूट ‘पुढच्या वर्षीही चालतील’ या हिशेबाने दोन नंबर मोठे घेऊ नयेत. अंगठाभर जागा पुरे. त्याहून मोठ्या बुटात मूल बोटे आवळून चालते, अडखळते आणि लवकर थकते.

बिल घ्यावे, आणि जोड किती दिवसांत, कोणत्या अटीवर बदलून मिळेल हे तिथेच विचारावे.

कोल्हापुरी चप्पल न्यावी का

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासह आपला सोलापूर जिल्हाही येतो, त्यामुळे ती आपल्याला परकी नाही. कोरड्या हवेत आणि सवयीच्या पायाला ती उत्तम चालते, काढायला-घालायला तिच्याइतकी सोपी दुसरी नाही. पण वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले ते चामडे पाणी पिते, भिजल्यावर फुगते आणि वाळल्यावर वाकडे होते. गुळगुळीत तळ ओल्या फरशीवर घसरतो. म्हणून पावसाळी सहलीला, समुद्रावर किंवा गडावर ती नेऊ नये. उन्हाळ्यातल्या तीर्थयात्रेला ती चालेल, मात्र नवी नव्हे. नव्या जोडाच्या अंगठ्याला आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला कापसाच्या बोळ्याने तेलाचा पातळ हात द्यावा, रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या फडक्याने पुसावे आणि असे तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा करावे. तेलात चप्पल बुडवून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने चामडे लिबलिबीत होते आणि धूळ धरते.

तीन आठवड्यांची तयारी

पहिल्या आठवड्यात नवा जोड घरातच, पुसलेल्या फरशीवर, रोज अर्धा-पाऊण तास घालावा. तळ मळलेला नसेल तर बदलून घेण्याची वाट खुली राहते. जोड काढल्यावर पाय उजेडात पाहावा आणि जिथे लालसर डाग दिसतो ती जागा ध्यानात ठेवावी. पाच-दहा मिनिटांत मावळणारा डाग चालतो. अर्ध्या तासानंतरही राहणारा, किंवा रोज त्याच जागी उमटणारा डाग म्हणजे पुढच्या फोडाची जागा.

त्या जागेवर इलाज याच आठवड्यात करावा. चामड्याचा बूट असेल तर दाबणारा भाग आतून किंचित ओलसर फडक्याने पुसून, जाड मोजे घालून वाळेपर्यंत पायात ठेवावा. तेवढ्याने भागले नाही तर गटई कामगाराकडे लाकडी फर्मा घालून तो भाग ताणून घ्यावा. कडक शिवण असेल तर तो तिच्यावर हलक्या हाताने हातोडी मारून ती बसवून देतो. कृत्रिम साहित्याच्या बुटावर यांतले काही चालत नाही. तिथे पायावर कागदी वैद्यकीय चिकटपट्टी लावूनच घासणे थांबवावे लागते, आणि तेही जमले नाही तर जोड परत करावा.

दुसऱ्या आठवड्यात तो जोड बाहेर काढावा. कामावर, भाजीला, आणि संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या किंवा संभाजी तलावाच्या परिसरात फिरायला तोच पायात असावा. रोजचे चालणे पंधरा मिनिटांनी वाढवत जावे. हा काळ केवळ बूट मऊ करण्यासाठी नाही. वर्षभर दुचाकीवर फिरणारा आणि सहलीत एकदम दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणारा माणूस बूट कितीही चांगला असला तरी पोटऱ्या धरून बसणारच.

तिसऱ्या आठवड्यात रंगीत तालीम करावी. पाठीवर प्रवासात असेल तेवढ्या वजनाची पिशवी घेऊन, ठरलेलेच मोजे घालून, पूर्ण एक दिवस बाहेर काढावा. तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तिथे पायऱ्या आहेत, गर्दी आहे, दगडी फरशी आहे आणि पादत्राण काढणेही आहे, म्हणजे तालमीला लागणारे सगळे एका दिवसात मिळते. ज्यांना उंच पायऱ्यांची परीक्षा घ्यायची असेल त्यांनी विजापूरला जाऊन गोलघुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्या सात मजले चढून-उतरून पाहाव्यात. या दिवशी जे दुखेल ते सहलीत नक्की दुखणार, आणि दुरुस्तीला अजून काही दिवस हातात असतात.

उतारावर बोटे आदळत असतील तर नाडी बांधण्याची एक रीत उपयोगी पडते. बुटाला घोट्यापाशी सर्वांत वर एक जादा भोक असते, ते बहुतेक जण रिकामे सोडतात. प्रत्येक बाजूची नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात ओवून लहानसा फास ठेवावा, मग डावीकडचे टोक उजव्या फासातून आणि उजवीकडचे डाव्या फासातून काढून खाली ताणावे आणि नेहमीसारखी गाठ मारावी. टाच मागे घट्ट बसते आणि पाय पुढे घसरत नाही.

मोजे

शुद्ध सुती मोजे घाम शोषतात पण सोडत नाहीत, आणि ओल, उष्णता व घर्षण एकत्र आले की फोड येतो. लांब चालण्यासाठी सुताबरोबर कृत्रिम धागा मिसळलेले, टाचेला आणि चवड्याला थोडे जाड असे मोजे घ्यावेत. नवे मोजे एकदा धुऊनच वापरावेत. माणशी रोजचा एक जोड आणि वर दोन, असा हिशेब धरावा.

पायांची तयारी

नखे निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी कापावीत, सरळ कापावीत, कोपरे आत कोरू नयेत. आदल्या रात्री कापलेल्या नखाची धार शेजारच्या बोटाला लागते.

भेगा हा सोलापूरच्या कोरड्या हवेचा आणि उघड्या चपलांचा जुनाच त्रास आहे. त्यावर काम पंधरा दिवस आधी सुरू करावे: रात्री कोमट पाण्यात पाय दहा मिनिटे ठेवावेत, वजरीने हलक्या हाताने घासावेत, पूर्ण कोरडे करून कोकमाचे तेल किंवा व्हॅसलीन चोळावे आणि जुने सुती मोजे घालून झोपावे. मात्र शेवटच्या चार-पाच दिवसांत वजरी बाजूला ठेवावी. तळव्याची जाड कातडी दिसायला चांगली नसली तरी ती चालणाऱ्याचे संरक्षण असते; पार्लरमध्ये सोलून गुळगुळीत केलेल्या टाचेला पहिल्याच दिवशी फोड येतो. अनवाणी चढाई करणाऱ्यांनी तर हे विशेष पाळावे.

मधुमेह असलेल्यांसाठी या लेखातले काही सल्ले लागू नाहीत, आणि आपल्याकडे तीर्थयात्रेच्या प्रत्येक गाडीत असे दोन-चार प्रवासी असतातच. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली असेल तर तापलेल्या फरशीचा चटका किंवा बुटातला खडा जाणवत नाही, आणि जखम दिसेपर्यंत ती वाढलेली असते. अशा व्यक्तीने निघण्यापूर्वी डॉक्टरांना पाय दाखवावेत, बूट घालताना प्रत्येक वेळी आधी आत हात फिरवावा, अनवाणी चालणे टाळावे, आणि देवळात तळाला रबरी ठिपके असलेले मोजे घालता येतील का हे विचारून घ्यावे. रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. त्यांनी गरम पाण्यात पाय बुडवणे, वजरीने घासणे आणि भोवरी घरी कापणे या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

सामानात काय आणि कसे

जड जोड पायात आणि हलका पिशवीत, हा नियम. बुटाच्या पोकळीत मोजे भरावेत, म्हणजे आकार टिकतो आणि जागा वाचते. जोड गुंडाळायला जुन्या सोलापुरी टॉवेलचे तुकडे सर्वांत सोयीचे. त्यांतलाच एक तुकडा पाय पुसायला वर ठेवावा. सोबत एका लहान डबीत कागदी चिकटपट्टी, निर्जंतुक पट्ट्या, सुई आणि जाड दोरा, एक जादा नाडी, दोन सेफ्टी पिना असाव्यात. चपलेचा अंगठा तुटला तर सेफ्टी पीन मुक्कामापर्यंत पोचवते.

वाटेत

रात्रीच्या गाडीने, म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेससारख्या गाडीने निघताना बूट बर्थखाली सुटे ठेवू नयेत. पाय लागून एक बूट तीन डबे पुढे गेलेला सापडतो, किंवा सापडत नाही. दोन्हींच्या नाड्या एकमेकींना बांधून पिशवीत घालावेत आणि डब्यात वावरायला रबरी चप्पल वापरावी. लांब बसून प्रवास केला की पाय सुजतात, म्हणून उतरण्यापूर्वी नाड्या पूर्ण सैल करून नव्याने बांधाव्यात आणि बसल्या जागी घोटे फिरवत राहावे.

देवळाबाहेर पादत्राण ठेवताना शक्यतो चप्पल-स्टँडवर ठेवून टोकन घ्यावे. महागडा जोड घालून गर्दीच्या देवस्थानी जाऊच नये. दर्शनाच्या वेळी अर्धे लक्ष दारात राहते. दुपारी बारा ते चार या वेळात आवारातली दगडी फरशी पाय भाजते. अनेक ठिकाणी काथ्या अंथरलेला असतो किंवा पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेला असतो, त्यावरूनच चालावे. मोजे काढून बुटात ठेवण्याऐवजी पायातच ठेवले तर चटका कमी बसतो, पण मग तेच मळके मोजे बुटात परत घालू नयेत, दुसरा जोड पिशवीत हवा.

पायाची एखादी जागा गरम झाल्यासारखी जाणवू लागली की तिथेच थांबावे. सोबतचे पुढे जातील म्हणून लाजून चालत राहणे महागात पडते. बूट काढून पाय कोरडा करावा, त्या जागेवर चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावावी आणि मोजा बदलावा. फोड आलाच आणि तो लहान असेल तर फोडू नये, झाकून ठेवावा. मोठा, ताणलेला, चालूच न देणारा फोड असेल तर हात आणि ती जागा साबणाने धुवावी, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे, वरची कातडी तशीच ठेवावी आणि पट्टी बांधावी. भोवती लाली पसरू लागली, पू दिसला किंवा ताप आला तर त्या गावातला दवाखाना गाठावा. मधुमेहींनी फोड स्वतः फोडू नये.

बूट भिजले तर मुक्कामी पोचताच आतली गादी आणि नाड्या काढून घ्याव्यात, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि दोन तासांनी ते बदलावेत; पंख्याखाली सकाळपर्यंत बूट बहुतांशी वाळतात. हीटरपुढे, गीझरवर किंवा कडक उन्हात ठेवू नयेत, कारण चामडे तडकते आणि गोंद सुटतो. समुद्राचे पाणी लागले असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवावे.

घरी परतल्यावर बूट तसेच कपाटात टाकू नयेत. गादी काढून सावलीत दोन दिवस वाळवावेत, तळातले खडे आणि माती काढावी, तळ कोणत्या बाजूने झिजला आहे हे पाहावे. बाहेरच्या कडेने थोडी झीज सर्वांचीच होते. एकाच पायाची किंवा आतल्या कडेची झीज ठळक असेल तर टाचेला रबर लावून घ्यावे, आणि सोबत गुडघाही दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाताना तो बूट बरोबर न्यावा.